लहान हातांचा नाताळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुमच्याकडे नाताळची तयारी कशी करतात ते यंदा तुम्हीच सांगा," असे चिटणीसबाईंनी फर्मान काढले, म्हणून मी उभी आहे. मी काही वक्ती नाही. चूल, मूल आणि मंडळ एवढाच माझा अनुभव. पण गेली काही वर्षे नाताळची तयारी मी एका लहान मुलीला बरोबर घेऊन करते आहे. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच हेतू.

माझे माहेर वसईकडचे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. नाताळ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ जन्म. शब्द परका खरा, पण सणाची तयारी पाहिलीत तर तुम्हाला ती मुळीच परकी वाटणार नाही. आमच्या दारातला तारा म्हणजे तुमच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ. कामट्या त्याच, पतंगी कागद तोच, खळही तीच. आमची गव्हाणी म्हणजे तुमच्या मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्याची बहीण. माती, दगड, गोणपाट आणि वर रुजवलेले हिरवेगार धान्य! तुम्ही घटस्थापनेला धान्य रुजवता, मुले किल्ल्यावर अळीव पेरतात. आम्ही नाताळच्या दहाबारा दिवस आधी परातीत नाचणी नाहीतर गहू पेरतो. करंजी तर दोन्हीकडे सारखीच फुटते आणि दोन्हीकडे सारखाच जीव खाली-वर होतो!

आमचा आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा. एवढे दिवस लहान मुलाने नुसती वाट पाहायची म्हणजे कठीण काम. "आजी, नाताळ उद्या का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा. यावर आमच्याकडे एक सोपी युक्ती आहे. रंगीत कागदाच्या सहा इंच लांब आणि एक इंच रुंद अशा चोवीस पट्ट्या कापायच्या. पहिल्या पट्टीचे कडे करून चिकटवायचे, दुसरी त्यात ओवायची, आणि अशी साखळी दारावर लावायची. एक डिसेंबरपासून रोज रात्री एक कडे तोडायचे. साखळी संपली की नाताळ आला! मूल प्रश्न विचारायचे थांबते आणि कडी मोजायला लागते. माझी नात वजाबाकी शाळेत शिकण्याआधी या साखळीवर शिकली.

चिकटवायला खळ घरीच करावी. एक कप पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की पाच मिनिटांत होते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. तो विषारी असतो. लहान मूल हाताशी असेल तर त्याचे नावही काढू नये. खळ दोन दिवसांत संपवावी आणि पुन्हा ताजी करावी.

कोणत्या वयाच्या मुलाला कोणते काम द्यावे, हे पुष्कळजणी विचारतात. तीन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला द्यावा. फाडलेल्या हिरव्या कागदाचे गव्हाणीत उत्तम झुडूप होते. चार वर्षांचे मूल पट्ट्या चिकटवते, मातीचे गोळे वळते. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती बोथट टोकाची कात्री द्यायला हरकत नाही, मात्र आपण शेजारी बसावे. एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. मुलाने केलेली वस्तू त्याच्यामागे आपण नीट करायची नाही. आमच्या गव्हाणीतल्या शाडूच्या मेंढीला पाच पाय आहेत. एक शेपूट आहे असे नात सांगते. मेंढी तशीच उभी आहे.

हे काही नवे शास्त्र नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली बालोद्यान काढले तेव्हा घड्या घालणे, पट्ट्या विणणे, माती मळणे ही कामे मुलांच्या शिक्षणातच धरली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंवर. विकतच्या महागड्या साधनांशिवाय मूल शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. मग सणासुदीला आपणच खोके भरभरून विकतच्या वस्तू का आणाव्यात?

गव्हाणीचेच पाहा. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळच्या रात्री गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हा तिथे गवत होते, बैल होता, गाढव होते. सोनेरी मुलामा दिलेल्या मूर्ती नव्हत्या. ज्या बाळाचा जन्म गोठ्यात झाला, त्याचा गोठा गवताचाच बरा दिसतो. आमच्याकडे आणखी एक रीत आहे. आगमनकाळात मुलाने एखादे चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे बाळ येशूला नाताळपर्यंत मऊ बिछाना होतो. एका संध्याकाळी आमच्या बाई काडी घेऊन आल्या. काय चांगले केलेस म्हणून विचारले, तर म्हणाली, "आज मी मांजराची शेपटी ओढली नाही." काडी ठेवू दिली. मांजराच्या दृष्टीने ते मोठेच काम होते!

खाऊच्या कामातही मुलांना घ्यावे. कुलकुले हा त्यासाठी फार सोयीचा प्रकार. अर्धा किलो मैदा, दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, तीन चमचे कडकडीत तुपाचे मोहन, आणि मावेल तेवढे नारळाचे दूध घालून घट्ट भिजवावे. अर्ध्या तासाने बोराएवढ्या गोळ्या कराव्यात. गोळी नव्या, स्वच्छ फणीच्या दातांवर चेपायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची, म्हणजे रेघारेघांची सुरेख वळकटी होते. हे काम मोठ्यांच्या जाड बोटांपेक्षा लहान बोटांना छान साधते. तळणे मात्र आपले. कढईपाशी मूल नको. तळून झाले की साखरेच्या पक्क्या पाकात घोळवावेत.

आता जे सांगायचे आहे ते थोडे जड आहे. पण ते सांगितल्याशिवाय बाकीचे सारे नुसती पाककृती होईल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमचे हे गेले. दरवर्षी तारा तेच बांधीत. घरात दुःख असले की आमच्याकडे त्या वर्षी तळण करीत नाहीत, रोषणाई करीत नाहीत. तुमच्याकडेही तसेच आहे. माझ्या थोरल्या नणंदबाईंनी नोव्हेंबरातच निरोप धाडला, "यंदा तारा लावू नका. लोक काय म्हणतील?" त्यांचे चुकीचे नव्हते. त्यांचा पाठचा भाऊ गेला होता. आणि खरे सांगायचे तर मलाही काही लावावेसे वाटत नव्हते.

नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिने वाद घातला नाही, हट्ट केला नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा नाहीत म्हणून बाळ येशूचा वाढदिवस नाही का?"

भगिनींनो, मी पुष्कळ विचार केला. मोठ्या माणसाला दुःख पाळता येते, कारण त्याला माहीत असते की वर्ष सरेल आणि सण परत येईल. पाच वर्षांच्या मुलाला पुढचे वर्ष म्हणजे काय ते ठाऊक नसते. आजोबा गेले, त्यांच्याबरोबर ताराही गेला, गव्हाणीही गेली, असाच त्याचा हिशेब होतो. घरातल्या दुःखाला आपण दार बंद करून बसलो, तर मूल दाराबाहेर एकटे राहते. म्हणून मी नणंदबाईंना कळवले की तळण करणार नाही, रोषणाई करणार नाही, पण तारा बांधीन. आणि तो पांढऱ्या कागदाचा असेल.

माळ्यावर ह्यांनी आदल्या वर्षी तासून ठेवलेल्या दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या होत्या. पाच कामट्या एकमेकींवर तिरप्या टाकून पाच टोकांचा एक तारा, तसाच दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधायची. मग आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी चार-चार बोटांच्या काड्या दोन ताऱ्यांच्या मधे उभ्या अडकवायच्या, म्हणजे ताऱ्याला फुगवटा येतो. कागद दोन्ही अंगांनी लावायचा, मागे दिव्यासाठी एक तोंड ठेवायचे. आत मेणबत्ती कधीही लावू नये. हल्लीचा लहान एलईडी दिवा फारसा तापत नाही. तोच बरा, आणि वायरचे काम मोठ्यानेच करावे.

नातीने टोके धरली, मी दोरा गुंडाळला. गाठ मारताना मी थांबले की ती म्हणे, "आजोबा दोनदा गुंडाळायचे." तिने सारे पाहून ठेवले होते! त्या चार दुपारी ती आजोबांविषयी जेवढे बोलली तेवढे चार महिन्यांत बोलली नव्हती. आणि मीही. रिकामे बसून जे ओठांवर येत नाही, ते हात कामात असले की येते.

त्या वर्षी आगमनकाळाचा चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. त्या संध्याकाळी आम्ही तारा लावला. एक टोक जरा वाकडेच होते. शेजारचा मुलगा दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा घेऊन आला आणि गव्हाणीपाशी पहाऱ्याला उभा करून गेला. तो अजून दर नाताळला पहारा देतो. दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतताना नणंदबाई आल्या. दारात उभ्या राहून वर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कामटी भावाच्या हातची आहे, होय ना?" मी मान हलवली. मग त्या आत आल्या आणि नातीला जवळ घेऊन बसल्या.

आमच्या घरी कढई चढली नव्हती. पण त्या दिवशी याच मंडळातल्या तीन घरांतून झाकलेली ताटे आली. ताट रिकामे परत करायचे नाही, हे तुम्हा-आम्हा साऱ्यांचे शास्त्र. घरात घालायला काही नव्हते. नातीने ताऱ्याच्या उरलेल्या पांढऱ्या कागदाचे लहान तारे कापले आणि प्रत्येक ताटात एक ठेवला. त्यांतला एक अजून एका भगिनीच्या देवघराजवळ चिकटवलेला मी पाहिला आहे. त्यांचे नाव घेत नाही, त्या लाजतील.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सणाला मुलाला वस्तू देऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण वस्तूंबरोबर काम द्यावे. ज्या सणात आपला हात लागला तो सण मूल आपला मानते, आणि घरावर वाईट दिवस आले तरी त्याच्या हाती काहीतरी उरते. तारा बांधायची रीत आता माझ्या नातीला येते. मी नसले तरी तो बांधला जाईल, याचे मला समाधान आहे.

आता एक सूचना. दिवाळीच्या कंदिलांचे सांगाडे पुष्कळ घरांत पडून असतात. ते टाकू नका. नाताळच्या आधीच्या दोन शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मुलांना घेऊन या. कागद मी आणीन, खळ मी करीन. कुलकुल्यांचे पीठही मीच भिजवीन. मात्र प्रत्येकीने एक नवी फणी आणावी!